दीडशे वर्षांच्या पावसाची साक्ष

२७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठला सांताक्रूझच्या वेधशाळेत आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजला गेला. तो भरला ९४४ मिलिमीटर. त्याच वेळी, तिथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाबा वेधशाळेत पाऊस भरला ७३ मिलिमीटर. शहर एक, दिवस एक, मोजायची पद्धतही एकच. कुलाब्यात जुलैतला एक जोराचा दिवस होऊन गेला होता. उपनगरांत मात्र मिठी नदी घराघरांत शिरली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या आणि माणसं छातीभर पाण्यातून रात्रभर चालत घर गाठत होती. त्या पावसात राज्यात हजाराच्या आसपास माणसं दगावली.

तेव्हापासून ९४४ हा आकडा दोन अगदी उलट कारणांसाठी पुढे केला जातो. कुणी म्हणतं, ‘बघा, हवामानच बदललं.’ कुणी म्हणतं, ‘पूर्वीही असं व्हायचं; बहात्तरचा दुष्काळ काय कमी होता?’ गावच्या पारावर, लोकलच्या डब्यात, सभागृहातल्या चर्चेत ही दोन्ही वाक्यं ऐकू येतात, आणि दोन्ही सोयीची आहेत. पहिल्या वाक्याच्या आडून नाल्यावर उभी केलेली इमारत, बुजवलेली खारफुटी आणि न काढलेला गाळ यांचा दोष आभाळावर ढकलता येतो. दुसऱ्याच्या आडून हातावर हात ठेवून पुढच्या पावसाळ्याची वाट बघता येते.

एका दिवसाच्या आकड्यावरून यांतलं काहीच सिद्ध होत नाही. तो आकडा ज्या रांगेत उभा आहे, ती सगळी रांग वाचावी लागते. सुदैवाने आपल्याकडे ही रांग लांब आहे आणि तिचा मोठा भाग पुण्या-मुंबईत जपला गेला आहे. ती नीट वाचली तर वरच्या दोन्ही पळवाटा बंद होतात.

मोजणारी माणसं

पाऊस मोजायची कल्पना आपल्याकडे फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारासमोर हातभर रुंद तोंडाचं कुंड ठेवून त्यात पाऊस मोजायला सांगितलं आहे. कुठल्या प्रदेशात किती पडतो, तेही तिथे आहे: अश्मक देशात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस, आणि अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीच्या बाजूला, अमाप. पेरणी कधी करायची आणि कोठारात किती येईल, याचा अंदाज त्यावरून बांधायचा.

सलग नोंदी मात्र कंपनी सरकारच्या काळात सुरू झाल्या. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मधली. पुढे १८६४ मध्ये कोलकात्याला भीषण चक्रीवादळाने झोडपलं. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. दुष्काळ आणि वादळं यांचा माग ठेवणारी एक देशव्यापी यंत्रणा हवी, हे त्या दणक्यांनी सरकारला पटलं आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. विभागाचं मुख्यालय कोलकात्याहून शिमल्याला आणि तिथून १९२८ मध्ये पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत पुणेकरांच्या तोंडी आजही ‘सिमला ऑफिस’च आहे. मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं, पण देशभरातल्या नोंदी गोळा करणं, तपासणं आणि जपणं हे काम पुण्यातच राहिलं.

ज्या उपकरणावर हे सगळं उभं आहे, ते पर्जन्यमापक दिसायला अगदी साधं असतं. मोकळ्या जागेत, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, जमिनीत घट्ट बसवलेलं एक नळकांडं. वर धारदार कडेचं नरसाळं, आत पाणी साठवायची बाटली. नरसाळ्याची कड जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर. त्याहून खाली ठेवली तर चिखलाचे शिंतोडे आत येतात, फार वर नेली तर वाऱ्याने थेंब बाहेर जातात. रोज सकाळी साडेआठला निरीक्षक बाटलीतलं पाणी खुणांच्या काचनळीत ओततो, नळी सरळ धरतो, डोळा पाण्याच्या पातळीला आणतो, काचेला चिकटून वर चढलेली कड सोडून मधल्या खोलगट भागाचा आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं. हे शून्य महत्त्वाचं असतं, कारण कोरी जागा आणि शून्य यांत फरक आहे. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. कोरी जागा म्हणजे कुणी पाहिलंच नाही.

तहसील कचेरीचा कारकून, धरणावरचा कर्मचारी, कृषी महाविद्यालयातला सहायक अशा असंख्य माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हे केलं आहे. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेत, आजच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींतून देशभरातली ३०६ ठिकाणं निवडली आणि १८७१ पासूनच्या मोसमी पावसाची एक अखंड मालिका तयार केली. जगभरात कुणीही भारताच्या मान्सूनचा अभ्यास करायला बसलं की आधी ही मालिका समोर घेतं.

त्याही आधीचं काही हाती लागतं का? ब्रिटिश अभ्यासक जॉर्ज अ‍ॅडमसन आणि डेव्हिड नॅश यांनी मुंबईची जुनी वर्तमानपत्रं, खासगी रोजनिशा आणि पत्रं चाळून १७८१ ते १८७८ या काळात मान्सून दरवर्षी केव्हा आला, ते शोधून काढलं. उकाड्याने हैराण झालेल्या कुणी तरी ‘आज पाऊस लागला’ असं घरी कळवलं होतं. दोनशे वर्षांनी तेवढी ओळही पुरावा झाली.

मुळातलाच लहरीपणा

या मालिकेतून पहिली गोष्ट दिसते ती ही, की आपला पाऊस स्वभावतःच लहरी आहे. जून ते सप्टेंबर देशात सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो, आणि साधारणपणे कुठल्याही वर्षी तो त्याच्या दहा टक्क्यांपर्यंत वर किंवा खाली असतो. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण देशभराचा पाऊस दहा टक्क्यांनी घटतो तेव्हा मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात तो निम्म्यावरही आलेला असतो. १८७७, १८९९, १९१८, १९७२: या चारही वर्षांनी दख्खनच्या पठारावर माणसं आणि जनावरं देशोधडीला लावली. यांतली पहिली तीन आली तेव्हा हवेतला कार्बन आजच्या तुलनेत पुष्कळच कमी होता. ‘पूर्वीही असं व्हायचं’ म्हणणाऱ्यांचं इथपर्यंत अगदी बरोबर आहे.

ही लहर येते कुठून, याचा शोध घेता घेता एक मोठा शास्त्रीय ठेवा हाती लागला. केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारतीय हवामान विभागाचे प्रमुख झाले. १८९९ च्या दुष्काळाची आठवण ताजी होती आणि सरकारला पावसाचा अंदाज आधी हवा होता. वॉकरनी जगभरातल्या वेधशाळांचे आकडे मागवले आणि हिंदी कारकुनांच्या फौजेकडून हाताने गणितं करून घेतली. त्यातून त्यांना दिसलं, की पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि हे आलटून पालटून होत राहतं. आज दर उन्हाळ्यात आपण ‘एल निनो’ची जी चर्चा ऐकतो, तिचं अर्धं मूळ या भारतीय दुष्काळांच्या हिशेबात आहे. पॅसिफिकचा मध्य आणि पूर्व भाग तापला की भारतात पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते. १९७२, १९८७, २००२, २००९, २०१५ ही सगळी तशीच वर्षं. तरी १९९७ मध्ये शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक असूनही आपल्याकडे पाऊस ठीकठाक झाला. हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व टोकांतल्या तापमानाचा फरकही हात घालतो, हे १९९९ मध्ये स्पष्ट झालं.

मुंबईपुरतं पाहा. २०१९ मध्ये मान्सून मुंबईत आला २५ जूनला. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. गेल्या पाऊणशे वर्षांत तो इतक्या लवकर आल्याची नोंद नाही. सहा वर्षांत एका महिन्याचा फरक. कुणी २०१९ वरून ‘पाऊस लांबत चालला’ म्हणालं असतं आणि २०२५ वरून ‘पाऊस अलीकडे सरकला’ म्हणालं असतं, तर दोघंही चुकले असते. लहर आणि कल वेगळे करायला कमीत कमी तीस वर्षांच्या नोंदी लागतात. हवामानाची सरासरी तीस वर्षांवरून काढायची, हा जगभरचा संकेत त्यासाठीच आहे.

सरासरीचीही एक गंमत आहे. हवामान विभाग देशाच्या पावसाची दीर्घकालीन सरासरी दर दहा वर्षांनी नव्याने मांडतो. १९५१ ते २००० ची सरासरी होती ८९ सेंटिमीटर, १९६१ ते २०१० ची ८८, आणि १९७१ ते २०२० ची ८७. उतरती भाजणी दिसते, म्हणून लगेच हवामानबदलाचा शिक्का मारावासा वाटतो. विभागाने स्वतः मात्र सांगितलं, की मान्सूनचे काही दशकांचे ओले आणि कोरडे कालखंड आलटून पालटून येतात आणि ही घट त्यात बसते. पुराव्याशी प्रामाणिक राहायचं तर आपल्या बाजूचा वाटणारा आकडाही असा तपासून घ्यावा लागतो.

तेवढंच पाणी, थोडक्या दिवसांत

मग बदललं काय? पाऊस पडायची रीत बदलली. २००६ मध्ये बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या १९५१ ते २००० च्या रोजच्या पावसाच्या नोंदी तपासल्या. मोसमाच्या एकूण पावसात ठळक वाढ किंवा घट नव्हती. पण रिमझिम आणि मध्यम पावसाचे दिवस घटले होते, शंभर मिलिमीटरवरच्या पावसाच्या घटना वाढल्या होत्या आणि दीडशे मिलिमीटरवरच्या जवळजवळ दुप्पट झाल्या होत्या. वाढ आणि घट एकमेकींना खाऊन टाकत असल्यामुळे सरासरी जागची हलत नव्हती आणि तिच्या आड सगळं बदलत होतं.

इथे एक शंका येते. पर्जन्यमापकं वाढली तर मोठे पाऊस जास्त पकडले जाणारच. मग वाढ पावसातली की मोजणाऱ्यांतली? म्हणून या अभ्यासात एम. राजीवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात तयार केलेली नोंदींची चौकट वापरली होती. सगळ्या काळात किमान नव्वद टक्के दिवसांच्या नोंदी असलेली १८०३ केंद्रंच त्यात घेतली होती. मधूनच सुरू झालेली, मधूनच बंद पडलेली केंद्रं बाजूला काढली होती. वाढ मोजणाऱ्यांतली असती तर ती इथे गळून पडली असती.

२०१७ मध्ये पुण्याच्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ चा काळ पाहिला. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिप्पट झाल्या. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये देशाच्या हवामानाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यातही मध्य भारतातली दीडशे मिलिमीटरवरची अतिवृष्टी याच काळात सुमारे ७५ टक्के वाढल्याचं नमूद आहे. तोच आढावा सांगतो, की १९५१ ते २०१५ दरम्यान मान्सूनचा एकूण पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ही घट गंगेच्या मैदानात आणि सह्याद्रीत अधिक दिसते.

यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ दरम्यान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, आणि २०२४ हे १९०१ पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. जगाच्या सरासरीपेक्षा आपली वाढ कमी दिसते, याचं एक कारण आपल्याच हवेतली धूळ आणि धूर. ते सूर्याचं ऊन काही प्रमाणात अडवतात. समुद्रावर उन्हाने उचललेलं बाष्प वारे जमिनीवर आणतात. ते जास्त असेल आणि वारे मधूनच उसळी घेत असतील, तर काही दिवस आभाळ फाटतं आणि बाकीचे दिवस उघडीप राहते. शेतकरी ‘झड लागत नाही आता, एकदम कोसळतो’ म्हणतात, ते या आकड्यांशी तंतोतंत जुळतं.

अरबी समुद्राचा ताप

त्या बाष्पाचा मोठा साठा आपल्या पश्चिमेला आहे. कोल यांच्या २०१४ च्या अभ्यासानुसार पश्चिम हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९०१ ते २०१२ या काळात पावसाळ्याच्या महिन्यांत सुमारे १.२ अंशाने तापला. पाणी तापलं की ते फुगतं, आणि त्यात हिमनद्यांचं वितळलेलं पाणी भर घालतं.

समुद्राची पातळीही मुंबईत फार जुन्या काळापासून मोजली जाते. अपोलो बंदरावरची भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासूनची. हिंदी महासागरातल्या सर्वांत लांब नोंदींपैकी ती एक. तिची रचना अशी: धक्क्यालगत एक उभी विहीर, तिला तळाशी बारीक भोक, त्यामुळे लाटांचा धिंगाणा बाहेर राहतो आणि पाण्याची संथ चढ-उतार तेवढी आत येते. आत तरंगणारा फ्लोट, त्याला जोडलेली लेखणी, आणि घड्याळावर फिरणाऱ्या कागदावर उमटणारी रेघ. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर यांनी अशा दीर्घ नोंदींवरून दाखवलं, की गेल्या शतकात आपल्या किनाऱ्यांवर समुद्र वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर या वेगाने चढला. भूविज्ञान मंत्रालयाच्या आढाव्यात १९९३ ते २०१७ या काळासाठी हाच वेग वर्षाला ३.३ मिलिमीटर दिला आहे. म्हणजे चढण तर आहेच, तिचा वेगही वाढला आहे.

तापलेला समुद्र वादळांनाही खाऊ घालतो. पुण्यातल्या मेधा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन काळांची तुलना केली, तेव्हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ही नोंद जेमतेम चार दशकांची, म्हणून पावसाइतक्या ठामपणे बोलता येत नाही. पण ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या पट्ट्यात जे केलं, ते पाहिलेल्यांना आकड्यांची वाट पाहावीशी वाटणार नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. एका दुपारी वाड्याच्या वाड्या मोडून आडव्या झाल्या. सुपारीचं नवं झाड फळायला सहा-सात वर्षं लागतात. वादळ काही तासांत निघून गेलं, पण वाडीचं उत्पन्न तितकी वर्षं बुडालं.

सागाच्या आत, किल्ल्याच्या कड्यावर

दीडशे वर्षं माणसाला लांब वाटतात, निसर्गाला नाही. त्यामागचं वाचायला झाडं उपयोगी पडतात. सागाच्या खोडात दरवर्षी एक वलय भरतं: पाऊस चांगला झाला तर रुंद, दुष्काळात अरुंद. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या हेमंत बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातल्या जुन्या सागांची वलयं वाचून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका उभी केली. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीइतकी बारीक कांडी काढतात, ती घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वलय मोजतात. एल निनोच्या दुष्काळांची वर्षं तिथे दाटून बसलेल्या रेषांनी ओळखू येतात.

मेघालयातली मॉमलुह गुहा आणखी मागे नेते. छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातून वाढलेल्या चुन्याच्या लवणस्तंभात ४२०० वर्षांपूर्वी मान्सून अनेक पिढ्या दुबळा झाल्याची खूण आहे. तिच्यावरूनच पृथ्वीच्या इतिहासातल्या सध्याच्या कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळालं. निसर्ग एकट्यानेही किती मोठे हेलकावे खाऊ शकतो, याची ही साक्ष.

मग आताचा बदल निसर्गाचाच कशावरून नसेल? याचं उत्तर हवेच्या नोंदींत आहे. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर गेला आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळतं, की गेल्या आठ लाख वर्षांत तो ३०० च्या आसपास जाऊन परत फिरला, त्यापलीकडे गेला नव्हता.

हे काम आपल्या दाराशीही झालं आहे. दक्षिण गोव्यात काणकोणजवळ काब-द-राम किल्ल्याच्या समुद्राकडच्या कड्यावर १९९३ ते २००२ या काळात काचेच्या कुप्यांत हवा भरून तिची तपासणी झाली. जागा विचारपूर्वक निवडली होती. पावसाळ्यात तिथे दक्षिण गोलार्धातून समुद्रावरून आलेली स्वच्छ हवा असते, हिवाळ्यात वारा फिरला की भारताच्या जमिनीवरची हवा येते. कार्बनचं प्रमाण त्याप्रमाणे उतरतं आणि चढतं. या ऋतुचक्राच्या खाली वर्षागणिक चढत जाणारी रेषा मात्र मौना लोआसारखीच आहे. सिंहगडावरही पुण्याच्या संस्थेने अशी मोजणी केली आहे.

हा वाढीव कार्बन कुठून आला, हे त्याच्या जातीवरून कळतं. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून असल्यामुळे त्यांतला किरणोत्सारी कार्बन संपलेला असतो. हवेतल्या कार्बनमध्ये या जातीचं प्रमाण घटत गेलं आहे. म्हणजे भर पडते आहे ती जुन्या, गाडलेल्या कार्बनची. दुसरी खूण वातावरणाच्या वरच्या थरात. ऊन वाढल्यामुळे पृथ्वी तापली असती, तर वरचा थरही तापला असता. तो थंड झाला आहे, आणि हरितगृह वायू खालची उष्णता खालीच अडवतात तेव्हाच असं होतं. ही खूण सूर्याची किंवा ज्वालामुखीची असू शकत नाही.

शेत, घाट आणि शहर

महाराष्ट्रात हे सगळं एकमेकांत गुंतून समोर येतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी लातूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि मांजरा धरण भरलं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीने काढणीला आलेली रब्बी झोपवली. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी चिपळूण बुडालं आणि महाडजवळ तळिये गावावर डोंगर आला.

शेतकऱ्याचं पंचांग यात विसकटतं. मृगाला पेरायचं, हस्ताच्या पावसावर रब्बीची ओल धरायची, या हिशेबावर पिढ्या गेल्या. हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या आगमनाच्या आणि परतीच्या तारखा नव्या नोंदींवरून बदलल्या. मुंबईत मान्सून येण्याची तारीख १० वरून ११ जून झाली, फरक फक्त एका दिवसाचा. परतण्याची मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मराठवाड्यात सोयाबीन कापून शेतात पडलेलं असतं, नाशिककडे द्राक्षाची छाटणी चाललेली असते. त्या आठवड्यात पाऊस रेंगाळला की सोयाबीनला कोंब फुटतात आणि कोवळ्या घडांवर डाऊनी हा बुरशीरोग चढतो. सरकारी तक्त्यातला नऊ दिवसांचा फरक शेतात एका अख्ख्या हंगामाचा असतो.

आणि इथेच नोंदीची आणखी एक बाजू समोर येते. अतिवृष्टीची मदत मिळायची तर महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची नोंद लागते. सांताक्रूझ आणि कुलाब्यात पंचवीस किलोमीटरला तेरा पटींचा फरक पडू शकतो, तर अनेक गावांच्या मंडळाला एक यंत्र कसं पुरेल? शिवारात माती वाहून गेली आणि मंडळाच्या यंत्रावर ४० भरले, तर त्या शेतकऱ्याच्या हातात काही पडत नाही. घाटमाथ्यावर तर दरीच्या या बाजूचा पाऊस त्या बाजूला नसतो. दरडी तिथेच कोसळतात, आणि यंत्रं सर्वांत विरळ तिथेच.

नोंद वाचून वागलं तर काय साधतं, हेही आपण पाहिलं आहे. मुंबईची जुनी गटारव्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. २००५ नंतर माधवराव चितळे समितीने कारणांची छाननी केली, शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसली आणि तासाला ५० मिलिमीटरच्या मापाने नाल्यांची कामं सुरू झाली. ती पुरेशी आहेत का, यावर वाद आहे. पण वादाला मोजलेला पाया तरी मिळाला. राज्यातल्या बाकीच्या शहरांत, पुलांच्या मोऱ्यांत आणि धरणांच्या परिचालनात अजून कित्येक ठिकाणी गेल्या शतकातला पाऊस गृहीत धरलेला आहे. तो पाऊस आता तसा पडत नाही, हे दीडशे वर्षांच्या नोंदी सांगतात.

म्हणून काही गोष्टी आत्ताच व्हायला हव्यात. जुन्या वेधशाळांभोवतीची मोकळी जागा बांधकामापासून वाचवायला हवी, कारण यंत्र हललं किंवा शेजारी इमारत उठली की शतकाची मालिका तुटते. घाटांत आणि डोंगरपायथ्याच्या वाड्यांत यंत्रं दाट करायला हवीत. प्रत्येक मंडळाची रोजची नोंद गावातल्या कुणालाही त्याच दिवशी सहज पाहता यायला हवी. आणि पुलापासून पूररेषेपर्यंतची सगळी मापं दर दहा वर्षांनी ताज्या नोंदींवरून पुन्हा काढायला हवीत. इतका पुरावा हाताशी असताना ‘पूर्वीही असं व्हायचं’ म्हणणं हा बेजबाबदारपणा आहे. आणि पूररेषेत बांधकामाला परवानगी देऊन मग हवामानाकडे बोट दाखवणं, हा त्याहून मोठा.

याची सुरुवात कुणालाही करता येते. पुढच्या ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत उभं राहून दोन प्रश्न विचारा: आपल्याला लागू होणारं पर्जन्यमापक नेमकं कुठे आहे आणि ते रोज वाचलं जातं का? आणि आपल्या ओढ्यावरची मोरी कोणत्या वर्षीच्या, किती पावसाच्या हिशेबाने बांधली आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.